उडीची जागा

पार्से गावात सुमंगलाकाकीच्या कामात आजवर कुणी खोट काढली नव्हती, आणि काढायची कुणाची छातीही नव्हती. काम म्हणजे खळं घालणं. दिवाळी झाली, पाऊस पुरता हटला, की घरापुढचं अंगण खणायचं, माती भिजवायची, तिच्यात रोयणीची, म्हणजे वारुळाची चिकट माती मिसळायची, पेटणं नावाच्या लाकडी फळीने ती चार-चार दिवस बडवायची आणि वर शेणाचे दोन हात द्यायचे. येत सगळ्याच बायांना होतं. पण सुमंगलाकाकीचं खळं मे महिन्यापर्यंत भेगाळत नसे, हे शेजारच्या गावातली माणसंही कबूल करत.

करत असत, म्हणायला हवं. कारण आता अंगणाअंगणात सिमेंटचे पेव्हर आले होते. खुद्द काकीच्या दारातही. तिचा मुलगा निलेश याने गेल्या वर्षी, ती बहिणीकडे हळर्णला चार दिवस गेलेली साधून, अख्खं अंगण पेव्हरने झाकून टाकलं आणि वर हसत सांगितलं, "आये, आता तुका त्रास नाय." त्या दिवसापासून पेटणं माळ्यावर गेलं, आणि काकी मुलाशी कामापुरतं बोलू लागली. आईचं कामच उरलं नव्हतं, तेव्हा बोलणं किती उरलं असेल त्याचा हिशोब निलेशला कधी लागला नाही.

त्या मंगळवारी सकाळी पोदेराची सायकल पाव देऊन पुढे गेली आणि काकी वळते तोच फाटकात सहा-सात बाया दिसल्या. पुढे तेजस्विनी होती. वय तिशीच्या आतबाहेर, म्हापशाच्या एका इस्पितळात नर्स, रात्रपाळी करून थेट आलेली, आणि गावच्या बायकांच्या व्हॉलीबॉल संघाची कॅप्टन. तिच्यामागे अंगणवाडीत शिकवणारी सिद्धी आणि नुकतीच कॉलेज संपवलेली गौरवी. बाकीच्या चेहऱ्याने ओळखीच्या.

"काकी, देवळामागचा मैदान बघलंस?" तेजस्विनी म्हणाली.

मैदान कुणी बघितलं नव्हतं! भर पावसात चिऱ्यांचा ट्रक आत घालून कुणीतरी तिथे रुतवला होता आणि काढताना गुडघाभर चर पाडून गेला होता. पुढच्याच्या पुढच्या रविवारी त्याच जागी पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या बायकांच्या संघांची स्पर्धा ठरली होती. क्लबचा सचिव निलेश. त्याने हात वर केले होते. आदल्या दिवशी शनिवारी संध्याकाळी मैदान तपासायला माणूस येणार, त्याने नापास केलं की स्पर्धा शेजारच्या गावातल्या सिमेंटच्या कोर्टावर. निलेशच्या मते त्यात वाईट काहीच नव्हतं.

"आमका सिमेंटार खेळूचा नाय," तेजस्विनी म्हणाली. तिने इतक्या ठासून सांगितलं की तिच्यामागच्या बायांनीही तिच्याकडे पाहिलं.

काकीने पावाची पिशवी दाराच्या कडीला अडकवली. नेटवरून चेंडू इकडून तिकडे मारण्यात लग्न झालेल्या, कामाधंद्याला लागलेल्या बायांना काय मिळतं, हे तिला कधी कळलं नव्हतं. पण अकरा दिवसांत अठरा मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद जागा घालून द्यायची, हे ऐकून तिचे तळहात मात्र शिवशिवले.

"तुमच्या नेटाचा माका काय एक समजणा नाय," ती म्हणाली. "मातीचा समजता. सकाळी साडेपाचाक किती जणी येतल्यात?"

"सगळ्यो."

"बघूया," काकी म्हणाली, आणि माळ्यावरून पेटणं काढायला गेली.

तिला वाटलं होतं, दोन दिवसांत निम्म्या गळतील. पहिल्या दिवशी खणायचं काम. हाताला फोड येतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेपाचला सगळ्या हजर, फोडांवर चिंध्या बांधून. कुणाला सातची बस गाठायची, कुणाचं पोर शाळेत सोडायचं, कुणाला काजूच्या कारखान्यात आठला कार्ड लावायचं. तरी पावणेसातपर्यंत एकीचा हात थांबत नसे. तेजस्विनी रात्रपाळी संपवून यायची आणि डोळे चोळत बादलीला हात घालायची. गुरुवारी रोयणीची माती आणायला सगळ्या डोंगरावर गेल्या आणि डोक्यावर टोपल्या घेऊन काजूच्या बागांमधून गाणी म्हणत उतरल्या.

शेणाची तर निराळीच कथा. पूर्वी एका घराच्या गोठ्यात चार खळ्यांचं शेण निघायचं. आता गावात गाई शोधाव्या लागत. या बाया स्कूटरवर बादल्या लटकवून घरोघर हिंडल्या. गौरवी मोठ्या ऐटीत दोन बादल्या भरून आली, तर काकीने बोटावर घेऊन नाकाशी धरलं आणि म्हणाली, "ह्या पेंड खाणाऱ्या गाईचा. परत दी." शेण परत करायला गेलेली पेडण्याच्या इतिहासातली ती पहिलीच मुलगी असावी. पण गेली, आणि चरायला सुटणाऱ्या गाईंमागे उन्हात फिरून नवं घेऊन आली.

काकी कुणाचं तोंडावर कौतुक करत नसे. पण त्या आठवड्यात तिने घरी जेवताना आपणहून निलेशला त्या पोरींबद्दल सांगितलं, "चेडवां कामाची आसत." निलेशचा घास हातातच राहिला.

पुढच्या बुधवारपर्यंत माती बडवून झाली. गुरुवारी शेणाचा पहिला हात दिला, आणि काकीने सगळ्यांना कडेला उभं करून बजावलं. खालची माती अजून ओली आहे. वरून सुकलेली दिसेल, फसू नका. आतलं पाणी आपणहून वर येऊन उडून गेलं पाहिजे. "शनिवारी संध्याकाळपर्यंत त्या खळ्यार चपला घालून कोणी पाय ठेवलो, तर तंगडी मोडून हातात देतलंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. शुक्रवारी काकी निर्धास्तपणे म्हापशाच्या बाजाराला गेली. सुके बांगडे घेतले, नवी केरसुणी घेतली, आणि चारच्या बसने परत येताना सहज वाट वाकडी करून मैदानावर आली.

नेटच्या दोन्ही बाजूंनी खळं खड्ड्याखड्ड्यांनी भरलं होतं.

काकीच्या हातातली पिशवी खाली पडली. बांगडे लाल मातीत पसरले. गुरं शिरली असती तर तिने गुरांना शिव्या घातल्या असत्या, पण ही माणसाची पावलं होती, अनवाणी, आणि ती कुणाची हे विचारायला कुठे जायची गरजही नव्हती. संघ मैदानाच्या कडेला माडाखाली ओळीने उभा होता, खाली माना घालून.

"काकी, व्हाणो आमी भायर काढलेल्यो," गौरवी रडवेल्या आवाजात म्हणाली.

"व्हाणो?"

"तू चपलांचा सांगलंस. देवळात जातत तशी आमी पाय धुवन आत गेलाव. आणि बॉल हाडूक नाय. बॉल पडलो तर खळ्याक लागतलो, म्हणान."

काकी तिच्याकडे बघतच राहिली. चपलेचा तळवा पसरट. त्याने कदाचित एवढं झालं नसतं. अनवाणी टाच ओल्या मातीत पाचरीसारखी घुसते. हे या शहाण्यांना कोण सांगणार!

"बॉल नाय हाडलो? मगे खेळलात काय?"

"नुसत्यो उड्यो," सिद्धी पुटपुटली. "दहा दीस झाले, काकी. उडी मारल्याशिवाय ऱ्हवाक जायना."

एवढ्यात निलेश पोचला. एक नजर टाकून त्याने कपाळाला हात लावला आणि खिशातून मोबाइल काढला. उद्या पाचला तपासणी. आता त्या माणसाला उगाच कशाला खेप घालायला लावायची, सिमेंटच्या कोर्टाचं आत्ताच सांगून टाकतो, म्हणाला. तेजस्विनी माडाला टेकली आणि तिने डोळे मिटून घेतले.

काकीला संताप आला होता, आणि तो खोटा नव्हता. दोन शब्द सुनवायचे म्हणून ती खळ्यात उतरली, पदर खोचून पहिल्या खड्ड्याशी उकिडवी बसली आणि बोलायचं विसरून गेली.

नेटच्या डाव्या अंगाला तीन पावलांची धाव होती. लहान, मोठं, मोठं, आणि मग उडी. पन्नास-साठ वेळा तरी घेतलेली, पण पाऊल पडायचं त्याच जागी, दोन बोटं इकडे नाही की तिकडे नाही. सेट संपला की संघ बाजू बदलतात, म्हणून नेटपलीकडेही हुबेहूब तीच धाव. मध्ये एका जागी नुसती बोटं रुतलेली, टाच कुठेच नाही. ती चेंडू उचलून देणारी सिद्धी. मागच्या रेषेजवळ गुडघे आणि कोपरं उमटलेली. गौरवीने तिथे नसलेल्या चेंडूसाठी जमिनीवर अंग टाकलं होतं, दहादा, बारादा. बघायला कुणी नव्हतं, टाळी वाजवायला कुणी नव्हतं, चेंडूसुद्धा नव्हता. काकी स्वतः पेटणं मारते तेव्हा दुसरा फटका पहिल्यावर अर्धा चढला पाहिजे, नाहीतर ती पुन्हा मागे येते. कुणी बघत नसलं तरी येते. चाळीस वर्षं तिला वाटत आलं होतं की हे वेड आपल्या एकटीलाच आहे.

मग तिला आणखी एक गोष्ट दिसली. डावीकडची उडी जिथे उतरत होती, तिथे उजव्या पायाचा खड्डा चांगला चार बोटं खोल होता आणि डाव्याचा जेमतेम एक. प्रत्येक वेळी. ही उडी तेजस्विनीची. संघात जोरात मारणारी ती एकच. डाव्या पायावर ती भार देतच नव्हती. काकीने मान वर करून माडाखाली पाहिलं. तिथेही तेजस्विनी उजव्या पायावरच उभी होती. सिमेंट का नको, ते आता काकीला कळलं. आणि संघातल्या कुणालाच हे माहीत नाही, हेही तिने इतरांच्या तोंडांवरून ओळखलं.

"फोन ठेव," ती निलेशला म्हणाली. "गिरणीत जा. भाताचा दोन गोणी तूस घेवन ये. आणि गोणपाटां."

"तूस कित्याक?"

"जातंस?"

निलेश गेला. वर्षभरात आईने त्याला पहिल्यांदाच काम सांगितलं होतं.

नुसती माती भरून खड्डे बुजवले असते, तर पोपडा धरून रविवारी पहिल्याच उडीला तो सुटला असता. खालून पुन्हा बांधून घ्यायला हवं होतं. शनिवारी उजाडताच काकीने सगळ्या खड्ड्यांत पाणी शिंपडलं, त्यांच्या कडा खरवडल्या, नवी माती भरली, वर ओलं गोणपाट अंथरलं आणि संघाला हाक मारली.

"उडी मारल्याशिवाय ऱ्हवाक जायना न्हय? आता मारा. जेची तेची जागा. मी थांब म्हणासर."

आधी कुणाला खरंच वाटेना. मग गौरवीने पहिली उडी घेतली आणि सगळ्यांना जोर चढला. माती भरायची, उड्या मारायच्या, पुन्हा माती, पुन्हा उड्या. खालची जमीन अशी बसत गेली की पेटण्यालाही ते साधलं नसतं. डाव्या अंगाच्या उतरायच्या दोन्ही जागांवर मात्र काकीने स्वतः हात घातला. तिथे तिने मातीत तूस कालवलं, ओंजळ-ओंजळ मोजून. तुसाने माती फुटत नाही, पण पाय पडला की किंचित दबते. बाळंतिणीच्या खोलीत जमीन करताना तिची सासू असंच करायची. त्या जागेवर तेजस्विनी उभी राहायला आली, तर काकीने तिला हटकलं.

"तू नको. तू शेण कालव."

"माझी जागा ती, काकी!"

"आयकलंस मा? शेण कालव."

कॅप्टनने तोंड फुगवलं आणि बादलीपाशी जाऊन बसली. तिच्या जागेवर गौरवी उड्या मारत राहिली. दहाच्या आत पेटणं फिरलं, शेणाचा दुसरा हात बसला, आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं.

पाचच्या ठोक्याला तपासणीचा माणूस आला. कृष्णनाथ त्याचं नाव, डिचोलीचा, पंचवीस वर्षं शिट्टी गळ्यात घालून हिंडलेला. त्याने रेषा मोजल्या, टाच आपटून बघितली, पाण्याची बाटली आडवी ठेवून उतार तपासला. बाटली हलली नाही. मग तो ठिकठिकाणी चेंडू वरून सोडून बघू लागला. टण्, टण्, टण्. आणि नेटच्या डाव्या अंगाला, धप्.

तो थांबला. पुन्हा सोडला. धप्. पलीकडे जाऊन तिथेही बघितलं. धप्.

"हांगा आवाज वेगळो येता," तो भुवया जवळ आणत म्हणाला. "कित्याक?"

संघ आईकडे बघणाऱ्या पोरांसारखा काकीकडे बघू लागला. काकी कमरेवर हात ठेवून पुढे झाली.

"बॉल खाली पडल्यार पुढे खेळतत?"

"ना. पॉइंट जाता."

"मगे तो टाकून कित्या बघतास? खाली बॉल पडाचो नाय म्हणान तर ह्यांची धडपड. खाली पडतत ती माणसां. उडी मारून बघा थंय."

कृष्णनाथ पन्नाशीचा, पोट सुटलेला गृहस्थ. त्याने इकडे तिकडे पाहिलं, चपला काढल्या आणि खरंच उडी मारली. मग आणखी एक मारली. मग पलीकडे जाऊन दोन मारल्या, आणि त्याच्या तोंडावर जे पसरलं ते बघून निलेशने सुटकेचा श्वास सोडला.

"दोनूय बाजूंनी सारकेंच आसा," कृष्णनाथ म्हणाला. "बरें आसा." आणि त्याने कागदावर सही केली.

रविवारी देवळामागे पाय ठेवायला जागा नव्हती. पार्शाच्या बाया दोन सामने जिंकून अंतिम फेरीत आल्या आणि समोर आमोण्याचा संघ उभा राहिला. आमोण्याच्या बाया उंच, दणकट, आणि त्यांचीही तयारी काही कमी नव्हती. काकीला निलेशने पुढची खुर्ची दिली होती. ती तिने नाकारली आणि रेषेजवळ जमिनीवर बसली. तिथून तिला नेट दिसत नव्हतं, पाटी दिसत नव्हती. पाय दिसत होते.

तिने अख्खा सामना पाय बघितले. पहिला सेट कुणी घेतला तिला माहीत नाही. सिद्धीची टाच टेकली नाही, हे माहीत होतं. गौरवी मागच्या रेषेवर सूर मारून घसरत गेली आणि गुडघ्याला खरचटलं नाही, ते काकीने मनात नोंदवलं. तेजस्विनी मात्र अजून उजव्या पायावरच उतरत होती. उतरताना दर वेळी डावा पाय जरा उशिरा, जपून टेकत होता. काकीला राग आला. तिच्यासाठी एवढं केलं, आणि बया विश्वास टाकत नाही!

पाचव्या सेटला लोक उभे राहिले. काकीच्या भोवती नुसत्या तंगड्या झाल्या. तिने दोघांना हाताने बाजूला सारलं. चेंडू कितीतरी वेळ खाली पडलाच नाही. आमोण्याची एक बाई पार खुर्च्यांत घुसून तो परत घेऊन आली, तेव्हा पार्शाच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. गौरवी पडली, उठली, पुन्हा पडली. मग सिद्धीची बोटं जमिनीवरून सुटली, आणि डाव्या अंगाने ती तीन पावलं निघाली. लहान, मोठं, मोठं. या वेळी सांभाळायला सवडच नव्हती. तेजस्विनीने होता नव्हता तो जोर लावून उडी घेतली आणि खाली उतरली ती दोन्ही पायांवर, एकदम, सारख्या भाराने. किंचित दबून जमिनीने तिला झेललं.

"जिंकली," काकी म्हणाली. लोकांचा आरडाओरडा त्यानंतर सुरू झाला.

ढोल आले, गुलाल आला, निलेशने मायकवर सगळ्यांचे आभार मानले आणि आईचं नाव दोनदा घेतलं. पुढच्या दिवाळीला दारातले पेव्हर काढतो, हेही तो मायकवरच बोलून गेला. घरी सांगायची हिंमत झाली नसती. काकीने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. गर्दी पांगली तेव्हा ती नेटच्या डाव्या अंगाला उकिडवी बसून तळव्याने जमीन चाचपत होती.

तेजस्विनी पदक गळ्यात घालून तिच्याशेजारी येऊन बसली. "काकी, मॅच कशी वाटली?"

"मॅच माका दिसाक नाय," काकी म्हणाली. "डावो पाय दिसलो. शेवटाक बरो पडलो."

तेजस्विनीचं हसू थांबलं. तिने हळूच मागे वळून पाहिलं. बाकीच्या लांब, फोटो काढण्यात गुंतल्या होत्या. "डॉक्टर सोडून कोणाक सांगूक नाय मी. तुका कोणी सांगला?"

"तूच. शुक्रवारी." काकीने जमिनीवरच्या दोन ठशांवर बोट फिरवलं. दोन्ही सारखे. "तूस घातला आसा खाली. म्हणान काल तुका शेणाक बसयली. फुगली होतीस मा?"

तेजस्विनीने ठशावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने गुलालाच्या हाताने पुसलं, आणि तोंड पार रंगून गेलं. काकीने पदराने तिचा गाल खसाखसा पुसला.

"बस झाला. तो पाय नीट दाखव डॉक्टराक. आणि फाल्या सकाळी साडेपाचाक सगळ्यांका घेवन ये. दोन जाग्यांर खळा फाटला आसा, शेण लावक व्हया."

"येताव, काकी. पाय धुवन येताव."

काकी गुडघ्यावर हात टेकून उठली. "आणि बॉल हाडा," ती म्हणाली. "माका एकदा वर काय चलता ता बघूचा आसा."